पाळणा हलवण्याआधी फाइल हलवा

लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही? घाबरू नका. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला असेल, आत्याबाईंनी सांगितलेला काढाही पिऊन झाला असेल. आता तुमच्या पाठीशी कायदा आहे, तोही एक नाही, दोन. दोन्ही 2021 चे, जानेवारी 2022 पासून लागू. एक आयव्हीएफचा, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पोटात ठेवण्याचा; दुसरा सरोगसीचा, म्हणजे तुमचं मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवण्याचा. होणारं मूल वारसाहक्कासकट तुमचंच, असंही त्यात लिहिलंय. भाऊबंदांना इतक्यात सांगू नका.

सर्वांत आधी, वेळेवर जन्माला या. आयव्हीएफला बाई 50 च्या आत हवी, बाप्या 55 च्या आत. आपल्याला, बेळगावकडच्या सीमाभागातल्यांना, हे जरा जडच जाणार. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याला कुणी वय विचारत नाही. तारीख पुढे गेली की आपण टपरीवर चहा घेत "बघू की" म्हणतो. बीजांडकोशाला मात्र पुढची तारीख मिळत नाही.

तपासण्या बायकोच्याच करा. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, लागलीच तर दुर्बीण. नवऱ्याचं काम एका डबीत, काही मिनिटांत उरकतं, म्हणून तर ते शेवटी ठेवायचं. घराण्याचा प्रश्न आहे.

आयव्हीएफची इंजेक्शनं गार राहायला हवीत. खानापूरहून बसने येताना फ्लास्कात बर्फ घालून न्या, फ्लास्क मांडीवर घट्ट धरा. शेजारची मावशी विचारेलच, "चहा काय गं? घोटभर दे की." त्यात दुभत्या म्हशीचे पैसे आहेत हे तिला सांगू नका. खिडकीबाहेर बघा.

गर्भाशयच नसेल, तर सरोगसी. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि मूल पोटात वाढवणाऱ्या बाईचा 36 महिन्यांचा विमा एवढं जमवा. मग बाई शोधा: लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 मधली, आणि हे आयुष्यात एकदाच करणारी. दवाखान्याचा खर्च नि विमा सोडून तिला पैसे दिलेत तर तुरुंग. गरीब बाईचं पोट भाड्याने जाऊ नये म्हणून ही अट, आणि त्यात चूक काही नाही. फक्त आता धाकट्या जावेचं पोट फुकट जाईल. तिची संमती लागते, पण ती सासूबाई देतीलच.

एकट्या बाईलाही सरोगसीची सोय आहे. आधी लग्न करा, मग घटस्फोट घ्या किंवा विधवा व्हा, आणि 35 ते 45 मध्ये या. एकट्या पुरुषाने आपलं घरी बसावं.

महाराष्ट्रात, चंदगडला जाऊन बघू म्हणता? कायदा दिल्लीचा, तिकडेही तोच. एवढ्यापुरता सीमावाद मिटला. चोर्ला घाट उतरलात तर गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात 2023 मध्ये आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. पण ते गोव्यात.

इथे कागद कन्नडमध्ये येतील. ते मराठीत मागू नका, मराठी परिपत्रकं मागता मागता आपले आजोबा गेले. कुणाकडून तरी वाचून घ्या आणि अर्ज भरा. फक्त वयाचा रकाना पेन्सिलीने लिहा. दाखला येईपर्यंत खोडायला सोपं पडतं.