पैदाशीचा घोडा आधी तपासा

दिवाळीत अकलूजचा घोडेबाजार भरला की आमच्या घरात दरवर्षी तोच वाद पेटतो. चुलतभाऊ म्हणतो, पैदाशीच्या घोड्याची आधी तपासणी व्हावी. दाखला नसेल तर त्याला घोडी लावूच नये. काकांचं म्हणणं, "घोडा माझा, घोडी समोरच्याची. मधे सरकारचं काय काम?" मी उत्तर जर्मनीत, हानोफर घोड्यांच्या मुलखात राहतो. मी चुलतभावाच्या बाजूचा. पण इथली पद्धत उचलून जशीच्या तशी आमच्या माळशिरस तालुक्यात आणायला माझा विरोध आहे.

इथे फेर्डन गावात अडीच वर्षांच्या नरांची पैदाशीसाठी निवड होते. एक्स-रे आणि डॉक्टरी तपासणी त्याआधीच झालेली असते. मग घोड्याला हातात धरून कडक फरसबंदीवर पळवतात. जाणकार माणसं त्या वेळी डोळ्यांइतकाच कानांवर भर देतात, चारही टापा एका लयीत पडतात का ते ऐकतात. मऊ मातीत झाकली जाणारी लंगड दगडावर उघडी पडते. पुढे मोकळा सोडून चाल आणि उडी बघतात. नापास झालेले बहुतेक नर खच्ची करून स्वारीला विकले जातात. पास झालेल्यालाही नंतर खोगिराखाली परीक्षा द्यावी लागते. केसांच्या मुळावरून एका आनुवंशिक आजाराची चाचणीही होते. त्या आजारात शिंगराची कातडी इतकी नाजूक असते की ते जगत नाही. आई-बाप दोघंही वरून धडधाकट, पण दोघांतही तो दोष दडलेला असेल, तर चारात एक शिंगरू असं जन्मण्याची शक्यता असते.

हे सगळं मला मनापासून पटतं. खटकतो तो पैसा. निवडीसाठी कोवळ्या हाडांच्या जनावराला महिनोन् महिने तयार करतात, कारण पास झाला की भाव चढतो. शिवाय नावाजलेल्या मोजक्याच घोड्यांकडे सगळे धावतात आणि रक्ताची विविधता आकसत जाते.

आपल्याकडे काय बघतात? रंग नुकरा म्हणजे पांढरा आहे का, उंची किती, चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का, देवमण हा शुभ मानलेला केसांचा भोवरा कुठे, बाकीचे भोवरे शुभ की अशुभ. यातल्या एकाही गोष्टीने पायाचा सांधा सरळ होत नाही. जबडा वाकडा आहे का, दोन्ही अंड उतरलेत का, माणूस जवळ गेला की चावतो का, हे विचारणारे थोडे. घोडी ११ महिने पोटात वागवते आणि शिंगरू वाकड्या पायाचं निघालं तर भुर्दंड घोडीवाल्यालाच. डौरीन हा रोग तर घोडा लावण्यातूनच पसरतो. रक्त न तपासलेला घोडा गावोगाव फिरवणं हा दुसऱ्याच्या घोडीच्या जिवाशी खेळ आहे. काका, म्हणूनच हा दोघांतला खासगी व्यवहार राहत नाही.

पण कसोटी कुणाची लावायची? आपल्या भीमथडी घोड्यांची आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागात मेंढपाळ धनगर हिच्या पाठीवर अख्खा संसार लादून चालतात. मारवाडी घोड्याच्या उंचीने आणि मानेच्या बाकाने तिला मोजलं तर पहिल्याच दिवशी ती बाद होईल. तिची परीक्षा खूर, पाठ, दम आणि शांत स्वभाव यांचीच हवी. ती धनगराच्या वाड्यावर जाऊन घ्यावी आणि फुकट घ्यावी.

जर्मनीची एक गोष्ट मात्र आपण जरूर घ्यावी. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हानोफरचाही राज्यकर्ता. त्याने १७३५ साली सेले इथे सरकारी घोडे ठेवले, ते शेतकऱ्यांच्या घोड्यांची पैदास सुधारावी म्हणून. चांगला नर दारात आणून दिला की वाईट नराकडे कोण जाईल? आपल्याकडेही सक्तीच्या आधी ही सोय व्हावी. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार लांब नाही. तिथले डॉक्टर आणि पशुसंवर्धन विभाग यांनी अकलूजच्या बाजारात एक मांडव टाकावा. रक्त, दात, पाय, अंड तपासून साधा दाखला द्यावा. नापास नराचं खच्चीकरण तालुक्याच्या दवाखान्यात भूल देऊन, मोफत व्हावं. भीमथडीचे चार-पाच पारखलेले नर सरकारने स्वतः पाळून मेंढपाळांच्या वाटेवर ठेवावेत. एवढं झालं की दाखल्याशिवाय घोडी लावायला बंदी घाला. तोवर घोडीवाल्यांनी घोडा लावण्याचे पैसे मोजण्याआधी रक्ततपासणीचा कागद मागावा, काकांकडेसुद्धा.