खुलासा: ‘चार बटणं दाबा, ड्रायव्हर नवा होतो’ हे खरं नाही

‘डेस्कटॉपचा स्क्रीन काळा पडला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट होतो. तरीही काही दिसलं नाही तर कार्ड जळालं, नवीन घ्या.’ हा मेसेज सध्या फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता, म्हणून हा खुलासा.

ही बटणं खरी आहेत, विंडोज १० आणि ११ मध्ये चालतात. पण त्यांनी ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) फक्त पुन्हा सुरू होतो. बीप वाजते, स्क्रीन क्षणभर लुकलुकतो, बस्स. मी दाबण्याआधी आणि नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा व्हर्जन नंबर पाहिला, तोच होता.

दुसरा भाग जास्त महागात पडणारा आहे. चित्र न येण्याचं कारण कित्येकदा केबल असते: ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) पोर्टला लावलेली. इंटेलच्या नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. (माझ्या भाच्याने यात अख्खा रविवार घालवला.)

सुरुवातीचा, विंडोजच्या आधी येणारा बायोसचा स्क्रीन नीट दिसतो आणि विंडोज सुरू होताना अंधार होतो? मग आधी ड्रायव्हरवर संशय घ्या. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालवण्याची सोय) जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून पाहा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा.