सलाईन निघालं की पैसे बंद

घरात मेडिक्लेमची पॉलिसी असेल तर ती आज बाहेर काढा आणि काय-काय मिळणार नाही त्या यादीत ०५ नंबरचा कोड शोधा. कंपनी कुठलीही असो, मजकूर साधारण तोच सापडेल, कारण तो विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेने ठरवून दिलेला आहे. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून चालवणं अशा रोजच्या कामांसाठी घरी किंवा संस्थेत घेतलेली मदत भरपाईत बसत नाही. ती शिकलेल्या नर्सने केलेली असली तरीही नाही. बरा न होणारा, शेवटाला आलेला पेशंट असेल तर त्याच्या सेवेचा खर्चही त्याच कलमात बाहेर काढलेला.

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आयसीयू, एमआरआय, सगळं बिल विम्याने मुकाट भरलं. डिस्चार्जच्या कागदावर 'कंडिशन स्टेबल' असं लिहून मिळालं. स्टेबल म्हणजे काय, तर उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, लघवीची पिशवी, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. पुढे काय मिळेल म्हणून टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या एजन्सीच्या, काउंटरवर विचारलं. "मॅडम, साठ दिवसांची औषधं आणि टेस्ट लावा. बाई ठेवलीत तर तिचं नाही मिळणार." चांगला मुलगा होता, निदान खरं बोलला.

सरकारकडे वळावं तर तिथेही हाच हिशोब. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. या योजनेला मी नावं ठेवणार नाही, गरिबाघरचं मोठं ऑपरेशन तिच्यामुळे होतं. पण घरी आल्यावर १५ दिवसांची औषधं आणि तपासण्या, की खेळ खलास. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. पासष्टीच्या पुढे, उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३००० रुपये, चष्मा, काठी, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी. खुर्ची येते. त्या खुर्चीवर दोघांनी धरून बसवायचं, स्वच्छ करायचं, परत उचलून पलंगावर न्यायचं, ते माणूसबळ आपलं आपण बघायचं.

ते किती महाग पडतं हे ज्याच्या घरी आहे त्यालाच विचारा. आमच्याकडे चोवीस तासांच्या मावशींचे महिन्याला २५ हजारांच्या आसपास जात होते. मावशी पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन वेगळं, डायपर, एअर बेडचं भाडं आणि फिजिओ त्याहून वेगळे. शिवाय चोवीस तासांची बाई म्हणजे ती झोपते कधी, हा प्रश्न ब्युरोवाल्याला विचारला की तो नुसता हसतो. संस्थांमध्ये चौकशी केली. बऱ्याच वृद्धाश्रमांची पहिलीच अट अशी, की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणाऱ्या ज्या मोजक्या जागा सापडल्या, तिथलं महिन्याचं बिल एखाद्या पेन्शनरची पूर्ण पेन्शन गिळेल एवढं होतं.

माझ्या जावेने शेवटी शाळेतली नोकरी सोडली. तिचा पगार गेला, पीएफ थांबला. याचं बिल कुठल्याच खात्याकडे लागलं नाही.

सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. कूस बदलली नाही, जखम झाली, चिघळली, जंतुसंसर्ग होऊन पुन्हा अ‍ॅडमिट केलं, तर विमा आणि सरकार दोघेही लाखांत पैसे द्यायला तयार. तीच जखम होऊ नये म्हणून रात्री उठणाऱ्या बाईला शंभर रुपयेसुद्धा कुठल्या नियमात बसत नाहीत. हे कुठल्या अकाउंटंटला पटतं, मला खरंच जाणून घ्यायचंय.

कायदा आहे म्हणाल, तर आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचं वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, पण सक्ती नाही. मुलांकडून पोटगी मिळते, तीही मूळ कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १० हजार. केंद्राचं अनुदानही संस्थांनाच जातं आणि मुख्यतः निराधारांसाठी. बाकीच्यांनी आपापलं निस्तरायचं.

जपानने २००० साली यासाठी वेगळा विमा काढला. चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा. माणूस किती परावलंबी आहे हे तपासून सात पायऱ्यांपैकी एक ठरते, त्याप्रमाणे मदत मिळते आणि खर्चाचा किमान दहावा हिस्सा घरच्यांच्या खिशातून जातो. जर्मनीत तर घरच्याच माणसाने सांभाळलं तरी रोख रक्कम मिळते. 'आपण जपान नाही' हे ऐकवायला कमेंटमध्ये चार जण येतीलच, म्हणून केरळ बघा. तिथे २००८ पासून राज्याचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आहे आणि ग्रामपंचायतीच्या मदतीने नर्स घरी येते, जखम धुते, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलते. ही काही श्रीमंत देशाची चैन नाही.

'पैसे दिले तर लोक आईबापांना सरकारच्या गळ्यात मारतील,' असं माझे एक काका म्हणाले. काकांनी आयुष्यात कुणाचं डायपर बदललेलं नाही. (त्यांना टॅग करत नाहीये.) खोटे दावे येतील हा मुद्दा मात्र मी मान्य करते. पण दिव्यांगांची टक्केवारी काढून प्रमाणपत्र द्यायची पद्धत सरकारी रुग्णालयांत आहेच. तिथेच परावलंबित्वही तपासा, दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

वेगळा विमा, नवी खाती, हे सगळं व्हायला वर्षं जातील. तोवर एवढंच करा: विमा ज्या साठ दिवसांची आणि सरकार ज्या पंधरा दिवसांची औषधं देतं, त्याच दिवसांत नर्सची आणि मावशीची पावतीही मंजूर करा. ब्युरोकडे पावतीपुस्तक नसतं म्हणत असाल तर ब्युरोंची नोंदणी सक्तीची करा. पैसे पावतीवरच मिळणार म्हटल्यावर पुस्तकं छापून येतील, मावशींच्या नावावर किती जमा झाले तेही कळेल.