बायोसमध्ये शिरू नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन-तीन आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या चाळीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, काल बहिणीच्या सासरच्या ग्रुपवरही दिसला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबल्यावर बायोसचा (विंडोजच्या आधी चालून मशीनचे भाग जागे करणाऱ्या प्रोग्रामचा) जो स्क्रीन येतो, त्यात घरच्या माणसाने कधीही शिरू नये. तिथली एक सेटिंग चुकली तर मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, कायमचा जातो. कंपनीने सगळं आधीच योग्य लावून दिलेलं असतं. बायोस अपडेट तर कधीच करायचं नाही. मदरबोर्डवरचा सेल काढला की विंडोज आणि फोटो उडतात. आणि विंडोज ११ ने ‘हा पीसी चालणार नाही’ असं सांगितलं तर त्याला इलाज नाही, सरळ नवीन मशीन घ्यावं.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण याच मेसेजवर विसंबून आमच्या मजल्यावरच्या काकू चाळीस हजार रुपये खर्च करायला निघाल्या होत्या. मी दादरच्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, रोज बायोसचा स्क्रीन बघते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पहिली गोष्ट, एका चुकीच्या सेटिंगने बोर्ड जळतो ही. ही भीती आकाशातून पडलेली नाही. पेंटियमच्या काळात प्रोसेसरचं व्होल्टेज बोर्डवरच्या जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, लावावं लागे आणि जंपर चुकीच्या पिनांवर बसला तर प्रोसेसर खरोखर जाऊ शकत असे. त्यात २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर मशीन्स झोपवली. तो हार्ड डिस्कवरची माहिती तर पुसायचाच, शिवाय काही बोर्डांवर बायोसच्या चिपमध्येच कचरा लिहायचा. मशीन चालू करावं तर स्क्रीनवर एक अक्षर नाही. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या मनात ‘बायोस गेला की सगळं गेलं’ हे पक्कं बसलं.

पण तो व्हायरस होता. सेटिंग बदलणं हे काम वेगळं. बायोसचा प्रोग्राम एका फ्लॅश चिपमध्ये असतो. तुम्ही बूटचा (मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू व्हावं त्याचा) क्रम बदलता, तारीख लावता, पंख्याचा वेग ठरवता, तेव्हा त्या प्रोग्रामला धक्काही लागत नाही, फक्त त्याने जपून ठेवलेल्या काही नोंदी बदलतात. त्या नोंदींवर बोर्डला चालू होता आलं नाही, तर बरेचसे आजचे बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपणहून मूळ सेटिंगवर परत येतात. नाहीच आले, तर सीएमओएस, म्हणजे या नोंदींची जागा, क्लिअर करायचा. मशीनची केबल भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, आणि सेलच्या जवळपास सीएलआर असं काहीतरी छापलेल्या ज्या दोन पिना असतात त्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवायचं. लॅबमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाकडून मी हे एकदा करून घेते. पहिल्यांदा हात थरथरतो. मशीन परत चालू होऊन ‘सेटअपमध्ये जा’ असा निरोप स्क्रीनवर आला की तो थरकाप जातो आणि पुन्हा येत नाही.

एक अपवाद मात्र आहे आणि मेसेजने सांगायला हवा होता तो हाच: व्होल्टेजचे आकडे. प्रोसेसरचं, एसओसीचं (प्रोसेसरमधल्याच मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) किंवा रॅमचं व्होल्टेज हाताने वाढवून हार्डवेअरला खरंच इजा करता येते. त्या पानावर ‘ऑटो’ लिहिलं असेल तर ऑटोच राहू द्या. पण या एका पानामुळे सगळ्या घराला कुलूप घालायचं कारण नाही.

आता ‘कंपनीने सगळं योग्य लावलेलं असतं’ हे वाक्य. याने लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या चाळीतल्या बारावीतल्या मुलाने मागच्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जुळवलं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पिढीच्या रॅम, बिलावर वेग स्पष्ट ३२००. आठ महिन्यांनी तो मला म्हणाला, “ताई, गेम अडखळतो, ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल बहुतेक.” मी म्हटलं, आधी टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक कर. स्पीडसमोर आकडा होता २१३३.

रॅम खोटी नव्हती. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या रॅमचे वेग लिहून ठेवलेले असतात. एक साधा वेग, जो जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे कुठल्याही बोर्डवर चालेल, आणि दुसरा जाहिरातीतला वेग, एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये. बोर्ड पहिल्यांदा चालू होताना सुरक्षित म्हणून साधा वेग उचलतो आणि तिथेच थांबतो. दुसरा वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन सांगावं लागतं. इंटेलच्या बोर्डांवर त्या ओळीला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो. सगळ्याच रॅमचं असं नसतं, काही ३२०० च्या रॅम आपसूकच ३२०० वर चालतात. पण टास्क मॅनेजरमध्ये बघायला पैसे पडत नाहीत.

आम्ही डिलीट दाबून आत गेलो, एक्सएमपीच्या ओळीवर ‘प्रोफाइल १’ निवडलं, एफ१० दाबून सेव्ह केलं. स्क्रीन काळा झाला आणि काळाच राहिला. त्याचा हात लगेच स्विचकडे गेला. मी तो धरला, कारण नव्या वेगाशी जुळवून घ्यायला बोर्डला वेळ लागतो, डीडीआर५ च्या बोर्डांवर तर पहिल्या खेपेला काही मिनिटंही लागतात. घाबरून मधेच बंद करणारे लोक मग ‘बायोसने मशीन खाल्लं’ असं सांगत फिरतात. अर्ध्या मिनिटात विंडोज आलं, आकडा ३२०० झाला. त्याच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे आणि ते मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. आठ महिने तो मुलगा स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू अर्धवट वापरत होता, आणि ‘आत शिरू नका’ हा सल्ला त्याला तसंच ठेवणार होता.

इथे एक खरी बाजू लपवणार नाही. काटेकोर बोलायचं तर एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगमध्येच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यात) मोडतं आणि प्रोसेसरच्या वॉरंटीत तशी अट असते. मशीन नंतर अडकू लागलं तर एक्सएमपी बंद करून बघणं ही पहिली पायरी. तो बंद करायलाही तीच एक ओळ लागते.

आणि ‘कंपनीचं ते योग्य’ यावर ज्यांचा अजून विश्वास आहे, त्यांनी २०२४ साल आठवावं. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः वरच्या श्रेणीतले, चालता चालता कोसळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यात भर म्हणून कित्येक बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्येच विजेच्या मर्यादा इंटेलने सुचवलेल्यापेक्षा सैल ठेवलेल्या होत्या. कोणीही काहीही न बदलता, फॅक्टरीतून आलेल्या सेटिंगवर, प्रोसेसर झिजत होते. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसरवर असंच संकट आलं. काही बोर्डांवर ते अक्षरशः जळले, मग एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली.

या दोन्ही आजारांवरचं औषध कुठून आलं? बायोस अपडेटमधून. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम) दिला, पुढच्या महिन्यात आणखी एक. बोर्ड कंपन्यांनी ते बायोसमध्ये घालून दिले. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, म्हणून ज्याने लवकर अपडेट केलं त्याचा वाचला. ‘अपडेट कधीच करू नका’ हा सल्ला पाळणाऱ्याचा प्रोसेसर जास्त व्होल्टेज खात राहिला. तुमच्याकडे या पिढ्यांपैकी मशीन असेल आणि अपडेट केलेलं नसेल, तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी तेवढं करा.

मशीन सुरळीत चालू आहे, नवीन प्रोसेसर घालायचा नाही, सुरक्षेची किंवा अशा दोषाची दुरुस्ती आलेली नाही, तर अपडेट करू नका, इतकं मला मान्य आहे. करायचं असेल तेव्हा बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन वाचून फक्त बोर्ड कंपनीच्या साइटवरून फाइल घ्यायची, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, आणि मशीन यूपीएसवर असलं पाहिजे. चिप लिहिली जात असताना वीज जाणं हा सर्वांत मोठा धोका. मुंबईत वीज क्वचित जाते म्हणून आपण गाफील असतो, पण जुन्या इमारतींच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं की काय होतं ते गिरगाव-लालबागकरांना सांगायला नको. जुलैच्या कोसळत्या संध्याकाळी हे काम काढू नका. इतकं करूनही बिघडलंच, तर बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा लिहिणारं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, काहींवर दुसरी राखीव चिप असते. यातलं काहीच नसेल तर रिपेअरवाला चिपला क्लिप लावून नवा बायोस लिहून देतो. ‘कायमचा’ हा शब्द इथेही लागू होत नाही.

सेलबद्दल दोनच वाक्यं. तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा, जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढा सेल आहे, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, आणि त्याच्यावर घड्याळ आणि सेटिंग चालतात; विंडोज आणि फोटो डिस्कवर असतात. उलट सेल उतरला की तारीख मागे जाते आणि मग ब्राउजर प्रत्येक बँकेच्या साइटला ‘असुरक्षित’ म्हणू लागतो, म्हणून तो बदलायलाच हवा.

आता काकू. त्यांच्या मुलाने २०१९ मध्ये घेऊन दिलेलं मशीन, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यांनी विंडोज ११ ची तपासणी चालवली, ‘टीपीएम २.० नाही’ (टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) असा निरोप आला, मेसेजही तेच सांगत होता, आणि एका दुकानदाराने नव्या मशीनचं कोटेशन हातात दिलं. काकू मला म्हणाल्या, “अगं, चालतंय ते छान. पण आता टाकायचंच ना?”

काकूंच्या मशीनमध्ये टीपीएम होता. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे बरेचसे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात आणि त्यांच्यात टीपीएमचं काम आतच होतं. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. फक्त त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर ती सेटिंग बंद ठेवून विकली जायची. मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीपेक्षा जुना प्रोसेसर असेल तर मेसेजचं विंडोज ११ पुरतं म्हणणं खरं आहे, तिथे मी खोटी आशा दाखवणार नाही.

त्यांच्या मशीनला हात लावण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या, आणि माझ्या मते मेसेजमध्ये जायला हव्यात त्या याच. एक, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का. चालू असेल तर टीपीएम किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्राम चालू देणारी सेटिंग) बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती जवळ नसेल तर फोटो खरंच हातचे जातात. अशा वेळी की कागदावर उतरवून घ्यायची, बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा, मगच पुढे. दोन, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे की नव्या जीपीटी. काकूंची एमबीआर होती. तशीच ठेवून सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करू देणारी सेटिंग) बंद केलं असतं तर विंडोज उघडलंच नसतं, आणि काकू म्हणाल्या असत्या की मेसेज बरोबर होता. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, फोटोंचा बॅकअप घेऊन त्याने आधी डिस्क बदलली. साटाचा मोड (बोर्डची डिस्कशी बोलायची पद्धत) बदलूनही असंच विंडोज अडकतं, तो परत होता तसा केला की सुटतं. म्हणून काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

काकूंनी स्वतः मोबाइल धरला आणि एकेका पानाचा फोटो काढला. मग पीटीटी चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, एफ१०. मशीन उठलं. तपासणी पुन्हा चालवली तेव्हा सगळ्या खुणा हिरव्या होत्या. त्या रात्री विंडोज ११ उतरत राहिलं, आणि सकाळी सातला काकूंनी त्याच मशीनवरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला.