‘किटला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

पाऊस सुरू झाल्यापासून एक लांबलचक मेसेज माझ्याकडे चार वेळा आला. एकदा नेरुळच्या मित्राकडून, एकदा सोसायटीच्या ग्रुपवर (गच्चीच्या गळतीवरच्या भांडणात तो का टाकला, देव जाणे) आणि दोनदा अशा लोकांकडून, ज्यांनी आयुष्यात प्लास्टिकचं एक चाकही चिकटवलेलं नाही. विषय, दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची स्केल मॉडेल, म्हणजे डब्यातले सुटे भाग (किट) चिकटवून करायच्या छोट्या प्रतिकृती. म्हणणं थोडक्यात असं: कंपन्या खऱ्या रणगाड्याची मापं घेऊन किट काढतात, त्यामुळे डब्यात येतं ते अचूक असतं. रणगाडे कारखान्यातून एकसारखेच बाहेर पडत, म्हणून कन्व्हर्जन करणं, म्हणजे कापाकापी करून किटमधून वेगळाच रणगाडा बांधणं, ही इतिहासाची मोडतोड. रंगही ठरलेला, त्याची एकच खरी छटा. भारतीय रणगाडे करायचे तर किट नाहीत आणि परदेशी सुटे भाग परवडत नाहीत. थ्री-डी प्रिंटर आल्यावर हाताने करत बसणं तर वेडेपणाच. शेवटी गोंदाच्या वाफेबद्दल एक ओळ आणि हात जोडलेली इमोजी.

मी नौपाड्यात राहतो आणि बावीस वर्षं रणगाडे जोडतोय, त्यातली अठरा कापतोयही. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

‘डब्यात येतं ते अचूक असतं’

आधी मापाचंच बघू. रणगाड्यांच्या किटचं सगळ्यात चालणारं प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं. आकडा विचित्र आहे ना? पन्नास नाही, चाळीस नाही, पस्तीसच का? जपानच्या तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याची मोटारवर चालणारी किट काढली. आत मोटार आणि सेल मावायला हवेत, म्हणून सांगाडा जेवढा करावा लागला तेवढा केला. नंतर हिशोब लावला तर प्रमाण साधारण एकास पस्तीस निघालं. ती किट खपली, मालिका वाढली आणि पुढे जगभरच्या कंपन्या त्याच मापात आल्या. म्हणजे या छंदातलं सगळ्यात पवित्र माप बेतलंय ते टॉर्चमध्ये घालायच्या सेलवर.

आता किट खूप सुधारल्यात, हे खरंच. मोटारीसाठी तळाला ठेवलेली भोकं गेली, पट्ट्यांच्या वरच्या पोकळ जागा बंद झाल्या. पण साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची एक अडचण कुठलाही कॉम्प्युटर सोडवत नाही. ठरावीक जाडीच्या खाली ते साच्यात नीट भरत नाही. माझ्या टेबलावर आत्ता एक शर्मन (अमेरिकन रणगाडा) आहे, त्याच्या मडगार्डला कॅलिपर लावला तर जाडी 1 मिलिमीटर येते. पस्तिसाने गुणा, 35 मिलिमीटर. खऱ्या शर्मनच्या बाजूचं चिलखत 38 मिलिमीटरचं होतं. म्हणजे कंपनीच्या हिशोबाने चिखल अडवायचा पत्रा आणि तोफगोळा अडवायचं चिलखत जवळजवळ सारखंच. हे अचूक?

उपाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापून सरळ करायचा. तो पत्रा साधारण 0.1 मिलिमीटरचा, गुणिले पस्तीस म्हणजे साडेतीन. गॅसवर जरा धरला की मऊ पडतो, वरचा रंगही सुटतो. प्लास्टिकचं मडगार्ड कापून काढायचं, त्यावरूनच पत्रा कातरायचा, फेविक्विकने बसवायचा आणि मग अंगठ्याने एक कोपरा किंचित चेपायचा. रणगाडा भिंतीला घासून गेल्यावर पत्रा असाच मुडपतो. प्लास्टिक मुडपत नाही, ते मोडतं.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. तीन वर्षांपूर्वी माळशेजमार्गे अहिल्यानगरला गेलो होतो (तोंडात अजून नगरच येतं), तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला. तिथल्या ब्रिटिश मटिल्डा रणगाड्याचा बुरूज (तोफ बसते तो वरचा फिरता भाग) ओतीव पोलादाचा. जवळून बघितला तर तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीच्या पाठीसारखा, कुठे खडबडीत, कुठे फुगवटा. किटमधले बुरूज बहुतेक वेळा साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत येतात. गोंदात पातळ केलेली पुटी लावून राठ ब्रशने टोचत बसलं की तो पोत येतो. याला मोडतोड म्हणायचं असेल तर म्हणा.

‘सगळे रणगाडे एकसारखे होते’

मेसेजचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा बसू.

शर्मन घ्या. अमेरिकेत दहाच्या आसपास कारखान्यांत मिळून जवळपास पन्नास हजार बांधले गेले. त्यातल्या एम-फोर-ए-वन या प्रकाराचं अंग सगळं ओतीव, गोलसर. बाकीच्यांचं मुख्यतः पत्रे जोडून वेल्ड केलेलं. एम-फोर-ए-फोरला पुरेशी इंजिनं मिळेनात, तर क्रायस्लरने मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र बांधून तीस सिलिंडरचं एक धूड तयार केलं. ते आत मावेना, म्हणून रणगाड्याचं अंग लांबवलं आणि चाकांच्या जोड्यांमधलं अंतरही वाढवलं. कारखान्यानेच केलेलं कन्व्हर्जन आहे हे, दुसरं काय!

ब्रिटिशांनी तर कमाल केली. शर्मनची तोफ जर्मन टायगरपुढे कमी पडते म्हणून त्यांनी त्यात आपली 17 पौंडी तोफ घुसवली. ती बुरुजात मावत नव्हती, तर आडवी केली. मागे सरकायला जागा नाही, म्हणून वायरलेस संच बाहेर काढला, बुरुजाच्या पाठीला भोक पाडून तिथे चिलखती पेटी वेल्ड केली आणि संच त्यात ठेवला. पुढच्या मशीनगनवाल्याची सीट काढून तिथे गोळे भरले. हा फायरफ्लाय. लांब नळीवरून तो लगेच ओळखू येई आणि जर्मन तोफची आधी त्यालाच टिपत, म्हणून काही तुकड्यांनी नळीचा पुढचा भाग असा रंगवला की लांबून ती आखूड वाटावी. एकाच गाडीत किती मोडतोड झाली, ती मेसेजवाल्यांनी मोजावी.

जर्मनांचा मार्डर थ्री, 1942चा, रणगाडे फोडायची तोफगाडी: सांगाडा चेक बनावटीच्या रणगाड्याचा, तोफ रशियनांकडून पकडलेली 76.2 मिलिमीटरची, जोडणी जर्मन. आम्ही दोन किटचे भाग एकत्र करून तिसरंच काही बांधतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? रशियनांना 1942 साली रबर मिळेना, तर टी-34 रणगाड्याला सरळ पोलादी धावेची चाकं घातली. हातात येईल ते बसवलं, त्यामुळे फोटोंमध्ये एकाच रणगाड्यावर दोन तऱ्हेची चाकं दिसतात. किटमध्ये दहाच्या दहा चाकं सारखी येतात.

आणि हे झालं कारखान्यातलं. रणांगणावर जवान काय करत? नॉर्मंडीत शेतांच्या बांधांवरची दाट झुडपं रणगाड्यांना अडवत होती. कर्टिस क्युलिन नावाच्या अमेरिकन सार्जंटने रणगाड्याच्या नाकाला पोलादी दात बसवायची कल्पना अमलात आणली. पोलाद कुठलं, तर जर्मनांनीच समुद्रकिनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांचं. जुलै 1944 मध्ये असे शेकडो शर्मन बांध फोडत निघाले. कोणी पुढे वाळूची पोती रचली, कोणी जादा पट्ट्यांचे तुकडे वेल्ड केले, कोणी लाकडाचे ओंडके बांधले. डब्यातून निघालेला कोरा, सारखा शर्मन आघाडीवर शोधायला गेलात तर फार हिंडावं लागेल.

एक कबुली मात्र द्यायला हवी. कन्व्हर्जनच्या नावाखाली वाटेल ते खपवणारे आहेत आणि त्यांत मीही होतो. पहिल्या उत्साहात मी रशियातल्या कुर्स्कच्या 1943च्या लढाईतला टायगर केला आणि त्यावर पुटीने झिमेरिटच्या रेघा ओढल्या. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन चिलखतावर थापत ते लिंपण. सलग तीन रात्री टूथपिक घेऊन रेघा ओढल्या. नेरुळच्या मित्राने मॉडेल हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि म्हणाला, “भाऊ, कुर्स्क जुलैचं. झिमेरिट त्यानंतर सुरू झालं.” बायको शेजारीच होती. तेव्हापासून एक नियम पाळतो: आधी एका ठरावीक रणगाड्याचा फोटो, मग करवत. पण या नियमाने डबासुद्धा तपासावाच लागतो, कारण डब्यावरचा चित्रकारही माझ्यासारखाच चुकतो.

‘रंगाची एकच खरी छटा’

जर्मन लष्कराने फेब्रुवारी 1943 मध्ये करड्याऐवजी गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला, तो क्रमांकासह, हे बरोबर. पण त्यावर मारायचे हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग तुकड्यांना डब्यातून घट्ट लगद्यासारखे मिळत. ते पातळ करायचे पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये, जे हाताशी असेल त्यात. चुना कालवताना दोन माणसांचा हात सारखा पडत नाही, तिथे आघाडीवर काय पडणार! शिवाय मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून बघतो, म्हणजे खरा रणगाडा साडेसतरा मीटरवरून. इतक्या अंतरावर रंग फिकट दिसतो. डब्यावर लिहिलेल्या क्रमांकाचा रंग तसाच मारला तर मॉडेल काळपट दिसतं. चार थेंब पांढरा घाला, भांडण मिटेल.

‘भारतीय रणगाड्यांच्या किट नाहीत’

हा मुद्दा वाचून खरं तर वाईट वाटलं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर, 1945 साली मेक्टिलाच्या लढाईत, डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या भारतीय रेजिमेंटांकडे शर्मनच होते, आणि शर्मनच्या किट पैशाला पासरी आहेत. कोहिमाला 1944च्या लढाईतला ली रणगाडा आजही आहे तिथेच उभा आहे. लीची किटही मिळते. असल उत्तरला 1965 साली पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले त्यांत सेंच्युरियन होते, एएमएक्स-13 होते आणि डेक्कन हॉर्सचे शर्मनही. तिन्ही एकास पस्तीसमध्ये आहेत. डब्यावर तिरंगा छापलेला नसतो, एवढंच.

आणि जिथे किट खरंच नाही, तिथेच तर कन्व्हर्जनची मजा. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराने काही शर्मनवर नव्या तोफा चढवल्या. काहींवर फ्रेंच 75 मिलिमीटरची, एएमएक्स-13वर होती ती. काहींवर रशियन 76 मिलिमीटरची, पीटी-76 या हलक्या रणगाड्याची. असा तयार शर्मन मी तरी कुठल्या डब्यात बघितलेला नाही. मला रशियन तोफेचा करायचा होता. मित्राकडे पीटी-76ची अर्धवट किट पडून होती, पण नळी दोन अर्ध्या भागांत होती आणि जोडल्यावर शिवण काही केल्या जाईना.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे गेलो. पितळेचा रॉड आणि कागदावर मापं. मामांनी चष्मा कपाळावर सारून कागद बघितला.

“कशात बसणार हे?”

“रणगाड्यात, मामा. तोफ आहे.”

“आणि भोक दोन पॉइंट दोनचं?”

“हो. खरी 76.2ची, भागिले पस्तीस.”

“आरपार?”

“नाही, तोंडाशी अर्धा सेंटिमीटर पुरे.”

“मग उडणार कशी?” असं म्हणत त्यांनी चक घट्ट केला. पहिली नळी टोकाला थरथरली आणि वाकली. दुसऱ्या वेळी त्यांनी टोकाला सेंटर लावून हळूहळू उतार काढला. पितळेचे केसासारखे कीस हातावर पडत होते. माझ्याकडून दोनशे रुपये घेतले आणि वाकलेली नळी स्वतःकडे ठेवून घेतली, नातवाला दाखवायला. बाकीचं साहित्य: प्लास्टिक शीटचे तुकडे, एम-सील, आणि अँटेनासाठी किटचाच स्प्रू (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लागून येतात ती) मेणबत्तीवर धरून ओढलेला. जमिनीवरचा पालापाचोळा म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून ज्यांनी जंगल उगवलंय, त्यांना हे परदेशातून मागवावं लागत नाही.

खर्चाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. चांगली किट महाग पडते, धातूच्या तयार पट्ट्या तर कधी कधी किटपेक्षाही महाग. पण पैसे खातं ते तयार सामान विकत घेणं. कापणं स्वस्त आहे.

‘थ्री-डी प्रिंटरने हे सगळं संपवलं’

नेरुळच्या मित्राकडे रेझिनचा प्रिंटर आहे, माझी निम्मी चाकं त्याच्याकडूनच येतात, तक्रार नाही. फक्त फाइल आभाळातून पडत नाही. कोणीतरी फोटो ताणून, पट्टी लावून ती काढलेली असते आणि त्यातही चुका असतात. छापून आलेल्या भागाचे आधार तोडायचे, थरांच्या रेघा घासायच्या, तो जुळत नाही म्हणून किट कापायची. आमच्या टेबलावर पॉलिश पेपर पूर्वीपेक्षा जास्तच लागतो हल्ली.

राहिली गोंदाच्या वाफेची ती ओळ. बंद खोलीत पातळ गोंद आणि लॅकर वापरू नका, खिडक्या उघड्या ठेवा, असं मेसेज म्हणतो. शंभर टक्के बरोबर. मी गेल्या रविवारी ऐकलंही. बाहेर धो धो पाऊस, खिडकी सताड उघडी, आणि त्या नव्या तोफेच्या शर्मनवर लॅकरचा शेवटचा हात मारला. दमट हवेत लॅकर उडता उडता पृष्ठभाग गार पडतो, वाफ त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. हे मला बावीस वर्षं माहीत आहे. सकाळी बघतो तर हिरवा शर्मन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. आता तो कपाटात ठेवलाय, ऑक्टोबरपर्यंत.