वीस मिनिटांचे देव

चेन्नईतले देव दुपारी झोपतात. बारा-साडेबाराच्या सुमारास देवळांची दारं लागतात ती चारला किंवा त्यानंतर उघडतात. सहलीच्या छापील पत्रकात याचा उल्लेख नव्हता. त्यात ‘प्रमुख मंदिरांचे एकदिवसीय दर्शन, वातानुकूलित बस, अनुभवी गाइड’ एवढंच होतं. यातला गाइड तेवढा दिवसभर चालू राहिला. वातानुकूलन मधूनमधून बंद पडत होतं.

बसमध्ये बहुतेक मंडळी पुण्याची, थोडी डोंबिवलीची. देव दुपारी बंद असतात हे कळल्यावर डोंबिवलीकर भडकले. पुणेकरांनी मात्र माना डोलावल्या. एका काकांनी तर ‘याला म्हणतात शिस्त’ असं म्हणून पाण्याची बाटली उघडली.

आमचा गाइड उत्साही माणूस. हातात मिटलेली लाल छत्री, गळ्यात शिट्टी. त्याचं हिंदी तमिळ वळणाचं, आमचं सदाशिव पेठी. व्याकरण दोन्हीकडून सारखंच सोडून दिलेलं असल्यामुळे संवाद झकास चालला होता. ‘सब लोग ट्वेंटी मिनट में बस में आना पडता,’ तो म्हणायचा. ‘आएंगे ना, पळके आएंगे,’ आमच्या मावशी उत्तर द्यायच्या. देव कोणताही असो, वाट्याला मिनिटं वीसच.

पहिला मुक्काम तिरुवल्लिकेणी, म्हणजे इंग्रजांचं ट्रिप्लिकेन. तिथलं पार्थसारथीचं देऊळ पल्लवांच्या काळातलं, आठव्या शतकातलं. गाभाऱ्यातला कृष्ण पाहून आमची रांग जागच्या जागी थबकली. देवाला चक्क मिशा! बासरी नाही, लोणी नाही, खोडी नाही. अर्जुनाचा सारथी म्हणून उभा असलेला उंचापुरा भारदस्त पुरुष, शेजारी रुक्मिणी, बलराम, मुलगा प्रद्युम्न, नातू अनिरुद्ध आणि सात्यकी. आपला विठोबा कमरेवर हात ठेवून एकटा उभा असतो, रखुमाई वेगळ्या गाभाऱ्यात. इथे सगळं घर एका ठिकाणी नांदतंय हे पाहून मावशींना गहिवरून आलं. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर भीष्मांच्या बाणांचे व्रण आहेत असं गाइडनं सांगितलं. ते बघायला मान उंच करेपर्यंत पुढून ‘पो, पो’ (म्हणजे ‘जा, जा’) आणि मागून शिट्टी असा दुहेरी प्रसाद मिळून आम्ही बाहेर आलो होतो. बसपाशी आमचा चालक उभा होता. त्यालाही तशाच मिशा. मावशींनी त्याला वाकून नमस्कार केला. सारथ्याचाच देव, त्यात काय एवढं! त्यानंतर दिवसभर त्या माणसानं मावशी चढल्याशिवाय गाडी हलवली नाही, त्यामुळे आम्हाला प्रत्येक ठिकाणी उशीर झाला.

मैलापूरला पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. कपालीश्वराचं गोपुर सव्वाशे फुटांच्या आसपास, आणि त्यावर रंगीत देवदेवता, ऋषी, राक्षस, वाहनं अशी गर्दी, की लोकलमध्ये सुद्धा एवढी माणसं एकावर एक बसत नाहीत. ते नीट पाहायला एक अख्खी दुपार हवी. आमच्या हातात होता अर्धा तास, त्यातला निम्मा चपला ठेवण्यात गेला. चपला ठेवायला टोकन, टोकन ठेवायला पाकीट, पाकीट काढायला पिशवी, आणि पिशवी बसमध्ये.

अंगणात पाय टाकला आणि भक्तीला अचानक वेग आला. दुपारचं मद्रासचं ऊन आणि ग्रॅनाइटची फरशी. पाय भाजू नयेत म्हणून काथ्याच्या चटया टाकलेल्या होत्या, पण त्यांची पट्टी अरुंद आणि समोरून येणारे भाविक जास्त. मग ज्याला चटई मिळाली तो रमतगमत, आणि ज्याला मिळाली नाही तो चवड्यांवर, अशी प्रदक्षिणा सुरू झाली. ज्या काकांना गुडघ्यांमुळे पर्वती चढता येत नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत उड्या मारत नंदी ओलांडून गेले.

या देवळाची कथा मोठी गोड आहे. शंकर काही सांगत होते, पार्वतीचं लक्ष नाचणाऱ्या मोराकडे गेलं. शाप मिळाला आणि लांडोर होऊन तिनं इथे पुन्नै वृक्षाखाली तप केलं. (नवरा बोलत असताना दुसरीकडे पाहिलं म्हणून एवढी शिक्षा! आमच्या बसमधल्या निम्म्या बायका तेवढ्यावरून पक्षी झाल्या असत्या.) ते झाड अंगणात दाखवतात. गाइड ‘पुन्नै, वेरी होली’ म्हणाला, तोच रत्नागिरीच्या वहिनी ओरडल्या, ‘अगो, ही तर आमची उंडी!’ मग उंडीचं तेल, दिवे, होड्या, आजोळ अशी कथा सुरू झाली. ती गाइडच्या कथेपेक्षा लांब आणि जास्त रंगली. मूळ देऊळ समुद्रकाठी होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, हेही गाइडनं सांगितलं. पोर्तुगीज म्हटल्यावर एका काकांना वसई आठवली आणि चिमाजीअप्पा सुरू झाले. तेवढ्यात पुजाऱ्यांनी पडदा ओढला. इतिहासाच्या नादात निम्म्या बसचं दर्शन राहिलं.

आता चारपर्यंत काय करायचं? गाइडनं छत्री उंचावली. ‘कांचीपुरम सिल्क! फॅक्टरी रेट!’

ते दुकान दुपारी झोपत नाही. तिथे थंडगार हवा, चपला काढायच्या पण टोकनाशिवाय, पांढऱ्याशुभ्र गाद्या, आल्याआल्या पितळी वाटी-पेल्यातून फिल्टर कॉफी. जरीचं एकेक ठाण उलगडत असताना कुणी ‘पुढे चला’ म्हणालं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. पार्थसारथीला वीस मिनिटं देणारा आमचा गाइड इथे खुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता. ‘टेक युवर टाइम, मॅडम,’ हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकलं. दिवसातलं सर्वांत निवांत दर्शन इथेच झालं, दक्षिणाही इथेच सर्वाधिक पडली. मी मात्र नवरे मंडळींसाठी ठेवलेल्या बाकावर बसून, किती पेले कॉफी प्यायल्यावर साडीच्या किमतीत फरक पडतो, याचा हिशेब करत होतो. पडत नाही.

मग केळीच्या पानावरचं जेवण. त्याबद्दल तक्रार नाही.

चारनंतर बेझंट नगरचं अष्टलक्ष्मी मंदिर. हे नवं, 1970च्या दशकातलं, अगदी समुद्राला लागून. आठ लक्ष्म्या वेगवेगळ्या मजल्यांवर विभागलेल्या आणि अरुंद जिन्यांनी एका दिशेनं फिरायचं. मधेच परत फिरायची सोय नाही. संतानलक्ष्मीपुढून ज्येष्ठ मंडळी घाईनं सरकली. ‘झालं, आमचं झालं.’ विद्यालक्ष्मीला नातवंडांच्या परीक्षा सांगून झाल्या. धनलक्ष्मी मात्र एकटी सगळ्यांच्या वर. शेवटच्या जिन्याशी गुडघे आणि श्रद्धा यांचा कस लागला. ‘आता पेन्शन येते ना वेळेवर, मग कशाला,’ असं म्हणून जे दोघे खाली थांबले, त्यांच्याकडे बाकीच्यांनी जरा संशयानंच पाहिलं.

पत्रकानुसार सहल इथे संपत होती. पण बसमधल्या निवृत्त मास्तरांनी घोषणा केली, की जॉर्ज टाउनमधलं काळिकांबाळ पाहिल्याशिवाय आपण हलणार नाही. 1677च्या दक्षिण स्वारीत, म्हणजे जिंजी ताब्यात आली त्याच वर्षी, शिवाजी महाराज तिथे देवीच्या दर्शनाला आले होते अशी त्या देवळाची परंपरा आहे. सकाळपासून खिडकी उघडी की बंद यावर एकमत न झालेली बस क्षणात एक झाली. ‘प्रोग्राम में नही,’ गाइड म्हणाला. ‘टाकना पडेगा प्रोग्राम में,’ मावशी म्हणाल्या. चालकानं मावशींकडे पाहून गाडी उत्तरेला वळवली.

संध्याकाळी बेझंट नगरहून जॉर्ज टाउन म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. पोचेपर्यंत अंधार पडला. तंबू चेट्टी स्ट्रीटच्या गर्दीत बस शिरेना, तेव्हा हातगाड्या, स्कूटर आणि गायी चुकवत सगळे पायीच निघाले. गाइड मागून धावतोय आणि प्रवासी पुढे, हे दृश्य दिवसात पहिल्यांदाच. देवीपुढे कुणी घाई केली नाही. मास्तर डोळे मिटून उभे होते. गाइडनं सवयीनं घड्याळ दाखवलं. ‘सर, ट्वेंटी मिनट हो गया.’

मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं, ‘महाराज को कितना मिनट दिया था?’

गाइडनं गंभीरपणे विचार केला. म्हणाला, ‘उस टाइम पार्किंग प्रॉब्लम नही था, सर.’