दोन तासांचं अंतर ठेवा, मग काहीही गिळा

'दोन्ही गोळ्या चालतील हो, फक्त मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.' हा अमृतसल्ला परवा पुन्हा कानावर पडला. तेव्हा म्हटलं, आपणही थोडं ज्ञान वाटून टाकू.

सगळ्यात आधी रक्तातलं एसजीपीटी तपासून घ्या. नॉर्मल आला की लिव्हर ठणठणीत! त्या आकड्यावरून यकृताच्या पेशींना इजा झालीय का एवढंच कळतं, औषधं मोडणारी सीवायपी एन्झाइम्स कुणी अडवलीत हे कळत नाही. पण रिपोर्ट चांगला आलाय ना, मग झालं.

हर्बल गोळ्या औषधांत धरू नका. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सायक्लोस्पोरिनची, म्हणजे बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची, पातळी पाडून ती किडनी घालवू शकते, पण अगदी नैसर्गिकरीत्या.

गोळी ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घ्या. तो रसही ही एन्झाइम्स अडवतो, पण फळच तर आहे.

आता ते अंतर. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू आहे आणि छातीच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय? सकाळी एक, रात्री एक, संपला विषय. क्लॅरिथ्रोमायसिन सीवायपी ३ए४ ला, म्हणजे सिम्व्हास्टॅटिन मोडणाऱ्या एन्झाइमला, असं चिकटतं की ते कायमचं निकामी होतं. शरीराला नवं तयार करायला काही दिवस लागतात. तोवर सिम्व्हास्टॅटिन साचत राहतं. मग स्नायू दुखतात, तुटायला लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं बसतात. यात तुमचे दोन तास काय करणार? बारा तासांनीही काही फरक पडत नाही! अंतराचा उपयोग थायरॉक्सिन आणि कॅल्शियमसारख्या जोडीला, कारण ती भानगड पोटात होते. आणि तिथेही दोन नाही, चार तास लागतात.

टीबीसाठीचं रिफॅम्पिसिन ही एन्झाइम्स वाढवतं, म्हणून ते घेताना रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस वाढवला होता? कोर्स संपल्यावरही तोच चालू ठेवा. एन्झाइम्स दोनेक आठवड्यांत मूळपदावर येतील, मग रक्तस्राव आपोआप सुरू होईल.

पुरे झाली थट्टा. क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स चालू असेपर्यंत सिम्व्हास्टॅटिन थांबवायचं असतं, नाहीतर अॅझिथ्रोमायसिनसारखा पर्याय निवडायचा असतो. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, पण घेणार कसा? तुम्ही सांगताच काय, तर 'एक छोटी पांढरी गोळी चालू आहे'! स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव मिलिग्रॅमसकट छापलेलं असतं. चालू असलेल्या प्रत्येक स्ट्रिपचा फोटो काढा आणि नवी गोळी लिहून घेण्याआधी दाखवा. आणि काउंटरपलीकडून दोन तासांचे सल्ले वाटणाऱ्यांनो, समोर कॉम्प्युटर आहे, दोन नावं टाकून बघा. तेवढंही जमत नसेल तर निदान गप्प बसा.